नळीवरचा डबा

थांबा मिस्त्रीला कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं समजून तो बाजूला व्हायचा. 'थांबा' हे नाव त्याला कुणी दिलेलं नव्हतं, त्यानं ते स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. गिऱ्हाईकानं दुकानाच्या दारात येऊन "मिस्त्री, गाडी अशी अशी" एवढं म्हणायचा अवकाश, याचा काळा हात वर जायचा. "थांबा." मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि डोळे मिटून स्वारी गप्प. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळी मंडळी छान हसताहेत आणि नवरदेव तेवढा आ वासून हात वर करून उभा आहे. फोटोवाल्याच्या तिपाईचा एक स्क्रू ढिला असल्याचं त्याला नेमकं तेव्हा दिसलं होतं. बायको बिचारी लवकर गेली, पण जाईपर्यंत आल्यागेल्याला तो फोटो दाखवून म्हणायची, "बघा, मला बघून पहिला शब्द हाच बोलले!"

पण त्याचं खरं नाव झालं ते जाम झालेल्या इंजिनांमुळे. इतर मिस्त्री घण काढायचे, हा बाटली काढायचा. बाटलीत अर्धं डिझेल, अर्धं ऑइल. नोझल खोलायची, भोकातून ते आत ओतायचं आणि वाट बघायची. दुसऱ्या दिवशी हातानं जरासं दाबून बघायचं, पुन्हा ओतायचं. एका मळेवाल्याचं पंपाचं इंजिन दोन महिने गाळात बुडलेलं होतं. मळेवाला रोज सकाळी यायचा, एकविसाव्या दिवशी त्याचं टाळकं सरकलं.

"मिस्त्री, अहो एवढ्या दिवसांत कोंबडीसुद्धा अंडं उबवून मोकळी होते!"

"होते ना. पण तिला तोवर कुणी हातोडा मारतं का?"

बाविसाव्या दिवशी फ्लायव्हील एक सूत हललं. एकच सूत. मळेवाल्यानं मिस्त्रीला मिठी मारली आणि पांढऱ्या सदऱ्याचं वाटोळं करून घेतलं.

ही विद्या काही कुठल्या कारखान्यात शिकलेली नव्हती. ती दादाची होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा थांबा पाच वर्षांचा होता, त्यामुळे त्याला आठवतो तो बाप म्हणजे दादाच. दादा मिस्त्री नव्हता, ट्रॅक्टर चालवायचा. स्वतःची जमीन टीचभर, पण आजूबाजूच्या सगळ्यांची नांगरट त्याच्याच गाडीनं व्हायची. सोळाव्या वर्षी थांबानं चाकाचा एक अडलेला बोल्ट हातोड्यानं ठोकून मोडला, तेव्हा दादा रागावला नाही. शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "लोखंड रुसलंय रे. रुसलेल्याला कुणी मारतं का? त्याच्याजवळ बसायचं असतं." तेवढ्या एका वाक्यावर धाकट्यानं चाळीस वर्षं पोट भरलं.

दादाचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, जुना. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. रंग मूळचा कुठला यावर गावात दोन पक्ष होते. सायलेन्सरची नळी बॉनेटमधून सरळ वर निघालेली, आभाळाकडे तोंड करून. गाडी अंगणात उघड्यावर उभी राहायची, म्हणून त्या नळीच्या तोंडावर दादा रोज संध्याकाळी एक डबा उपडा घालायचा. रंगाचा रिकामा डबा, तारेच्या कडीचा. काम संपलं, की बॉनेटवर एक पाय, नळीवर डबा, वरून तळव्यानं हळूच दाब आणि खाली उतरून बॉनेटवर दोन थापा. सकाळी डबा काढून हत्यारांच्या पेटीत. एकदा, उभ्या आयुष्यात एकदाच, तो डबा काढायला विसरला आणि गाडी चालू केली. डबा तोफेच्या गोळ्यासारखा उडाला तो शेजारच्या वेल्डरच्या पत्र्यावर. वेल्डर आत जेवत होता, तो हातातल्या घासासकट पलंगाखाली गेला. डब्याला तेव्हा बुडाशी मोठा पोचा आला. वेल्डर पुढे कित्येक वर्षं विचारायचा, "दादा, आज तोफ थंड आहे ना? जेवायला बसू?"

तो दादा अडीच वर्षांपूर्वी नांगरता नांगरता स्टेअरिंगवर कलंडला. त्या दिवशी थांबा पंख्याचा पट्टा बदलायला शेतावरच आला होता, हे नशीब. गाडी थांबवली ती त्यानंच, दादाला सावलीत आडवं केलं ते त्यानंच. हाताला लागलं त्या भांड्यात पाटाचं पाणी आणून तोंडावर मारलं, घोटभर पाजलं. मग कुणाच्या तरी जीपमधून दवाखाना. अकरा दिवस तो दादाच्या उशाशी बसून होता. मधे एकदाच, तिसऱ्या दिवशी, शेतात उभी राहिलेली गाडी घरी आणून अंगणात लावायला तो आला आणि परत गेला. हे तो पुढे सगळ्यांना सांगायचा, "तशातही गाडी मी स्वतः आणून लावली. दादाच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही."

दादा वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. खिडकीशी त्याची खाट टाकली. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणात ट्रॅक्टर. तेवढीच त्याची दुनिया.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. रोज संध्याकाळ झाली, की दादाचा डावा हात वर जायचा. डोक्यापेक्षा वर. बोटं वाटीसारखी, तळवा खाली. आणि मग तो हात हवेत कशावर तरी टेकवावा तसा हळूहळू खाली दाबायचा. आभाळ भरून आलं, तर दुपारीसुद्धा. पुन्हा पुन्हा, दमून हात पडेपर्यंत.

"डोकं गार पडतंय त्यांचं," वहिनी म्हणाली आणि तिनं लोकरीची टोपी आणून घातली. दादानं ती भिरकावली. तिनं पुन्हा घातली. त्यानं पुन्हा भिरकावली. पुतणी शहरात नोकरीला, सुटीला आली की बापासाठी काहीबाही करायची. तिनं पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली, पाणी, पंखा, दिवा, पांघरूण, टोपी. "बाबा, यातलं काय हवंय? बोट ठेवा." दादानं पुठ्ठा बाजूला सारला आणि हात वर केला. दिवा बंद करून झाला, खिडकी लावून झाली, डोक्याला तेल चोळून झालं. शेवटी सगळे धरून चालले, की मेंदूचा आजार आहे, हात आपोआप जातो. टोपीचा खेळ मात्र रोज चालू राहिला. वहिनी घालायची, दादा फेकायचा.

थांबा रोज यायचा. पहिला पावसाळा सरला तसं त्याच्या लक्षात आलं, की आपण खोलीत पाऊल टाकलं की दादा तोंड भिंतीकडे करतो. दुसऱ्या कुणाला नाही, यालाच. वेल्डर आला तर त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसायचा. दूधवाल्याकडे बघायचा. धाकटा भाऊ आला, की भिंत.

"दादा, मी आलोय. ओळखलंस ना?"

भिंत.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटांचं असंच असतं, जवळच्या माणसावरच राग निघतो. थांबानं मान डोलवली. पण तो पडला जाम इंजिनांचा माणूस. त्याला ठाऊक होतं, की कुठलीही वस्तू उगाच अडत नाही. कुठेतरी काहीतरी शिरलेलं असतं. तो दादाच्या पाठीशी स्टूल घेऊन बसायचा. रुसलेल्याजवळ बसायचं असतं. दोन वर्षं बसला. सूतभर फरक पडला नाही.

यंदा पुतणीनं आईबापाला शहरात न्यायचं ठरवलं. तिच्या घराला लिफ्ट होती, दवाखाना खालीच होता, आणि वहिनीची कंबर आता दादाला उचलून उचलून साफ गेली होती. निघायचं रविवारी. शनिवारी सकाळी भंगारवाला ट्रॅक्टर न्यायला येणार.

"भंगार?" थांबा ओरडला. "वहिनी, दादाची गाडी भंगारात?"

"मग काय करू, भावजी? लिफ्टमधून वर नेऊ?"

पलीकडच्या गावातला एक बागायतदार मात्र म्हणाला होता, गाडी चालू करून दाखवा, मी जपेन, कापू देणार नाही. दहा दिवस हातात होते. थांबाच्या मनानं उचल खाल्ली. त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या डोक्यात गाडी वाचवण्यापेक्षा दुसरंच चालू होतं. ते तीन सिलिंडरचं इंजिन अंगणात एकदा धडधडलं, की खिडकीतला माणूस भिंतीकडे तोंड करून राहणार नाही. तो वळेल. वळून आधी गाडीकडे बघेल आणि मग ती चालू करणाऱ्याकडे. रविवारी दादा जायच्या आत त्यानं एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

नवी बॅटरी लावून किल्ली फिरवली. 'टक'. पुन्हा 'टक'. पुढच्या पुलीला मोठा पाना लावून त्यावर अंग टाकलं. भिंतीला ढकलावं तसं. इंजिन जाम.

वेल्डर कुंपणावर हात टेकून बघत होता. "दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांध, गिअरमधे टाक आणि खेच. सुटलं तर सुटलं."

"आणि कनेक्टिंग रॉड वाकला तर?"

"तर वाकला! भंगारवाला काय सरळ रॉड बघून घेणार आहे?"

"थांब," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं बाटली काढली.

तीन दिवस तो ओतत राहिला, दाबत राहिला. चौथ्या दिवशी नाइलाजानं हेड खोललं. पहिला सिलिंडर स्वच्छ, दुसरा स्वच्छ. तिसऱ्यात पिस्टनच्या डोक्यावर तपकिरी चिखल आणि लायनरच्या भिंतीवर गंजाची जाड साय. पाणी. आणि हे पाणी रेडिएटरचं नव्हतं, पॅकिंग धड होतं. त्यानं सायलेन्सरची नळी उलटी केली तर आतून ओला गंज पडला, मूठभर. गाडी बंद झाली तेव्हा तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि वरून तीन पावसाळे नळीतून सरळ पोटात उतरले होते.

त्यानं हत्यारांची पेटी उपसली, सीटखाली बघितलं. डबा नव्हता. तो तसाच काळ्या हातांनी घरात गेला.

"वहिनी, नळीवरचा डबा कुठे गेला?"

"कुठला डबा?"

"कुठला म्हणजे? दादा तीस वर्षं रोज घालायचा तो! घरात माणसं राहतात की पाखरं? तीन पावसाळे गाडी तोंड उघडं टाकून उभी आहे आणि कुणाला दिसू नये?"

वहिनी चादर बदलत होती. एका हातानं दादाला कुशीवर धरून दुसऱ्या हातानं चादर ओढताना ती थांबली. "भावजी, अडीच वर्षं हा एक माणूस मी उचलतेय. तुमच्या नळीला झाकण घालायला मला तिसरा हात कुठून आणू?" आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीही रोज येत होतातच की."

तो चिडला. "मी मिस्त्री आहे, राखणदार नाही," असं काहीतरी बोलून बाहेर पडला. दारातून त्यानं मागे बघितलं. संध्याकाळ झाली होती. भिंतीकडे तोंड केलेल्या दादाचा डावा हात वर गेला होता आणि हवेत काहीतरी दाबत होता. वहिनीनं डोळे पुसले आणि टोपी शोधायला लागली.

पुढचे चार दिवस थांबा गाडीखालीच राहायला गेला म्हणा. खालचं चेंबर काढलं, तिन्ही रॉड क्रँकपासून सोडवले. पहिला आणि दुसरा पिस्टन लाकडी ठोकळा ठेवून हाताच्या बुक्कीनं ढकलले तर लोण्यात सुरी जावी तसे सरकले. तिसरा ढिम्म. त्यानं त्याच्यावर ऑइल भरून ठेवलं, बाहेरून वेल्डरकडचा गॅस लावून शेक दिला, गार होऊ दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा शेकलं. लायनरवर पिस्टनच्या कडेशी त्यानं खिळ्यानं बारीक रेघ ओढून ठेवली होती. आठव्या दिवशी, गुरुवारी, त्यानं भिंग लावून बघितलं तर रेघ आणि कड यांच्यात फट होती. केसाएवढी. पण होती.

आयुष्यात कुणाला मिठी मारावी असं त्याला पहिल्यांदा वाटलं, पण जवळ फक्त वेल्डर होता.

"हललाय," तो म्हणाला.

"मला तर काही दिसत नाही."

"तुला आयुष्यात ठिणगीशिवाय काही दिसलंय का?"

शुक्रवारी दुपारी त्याला दोन लांब बोल्ट हवे होते. पिस्टनवर लोखंडी पट्टी आवळून त्याला हळूहळू दाबत न्यायचा बेत होता. असे बोल्ट त्याच्या दुकानात होते. दुकान म्हणजे एक खोली, एक बाक, भिंतीवर पान्यांच्या काळ्या सावल्या आणि बाकावर नट-बोल्टांनी भरलेले पाचसहा डबे. वेल्डर गॅसची नळी परत न्यायला मागोमाग आला होता. मिस्त्रीनं कोपऱ्यातला डबा उचलून बाकावर पालथा केला. नट, बोल्ट, वायसर खळखळत पसरले. त्यातले दोन लांब बोल्ट त्यानं निवडले.

"आयला!" वेल्डर हसत सुटला. "ही तर माझी तोफ! हा बघ पोचा. माझ्याच पत्र्यावर आपटून आलेला. मिस्त्री, दादाची तोफ तू पळवलीस होय?"

थांबानं डब्याकडे बघितलं. तारेची कडी. बुडाशी पोचा. उचलून आत बघितलं तर तळाशी काजळीचं गोल कडं, बरोबर नळीच्या तोंडाएवढं.

हाताला लागलं ते भांडं.

त्याला पाट आठवला. पेटी उघडून हा डबा उचलला, धावत जाऊन पाणी भरलं, दादाच्या तोंडावर मारलं. तसाच तो हातात धरून जीपमधे चढला. दवाखान्यात अकरा दिवस त्यात चमचे होते. मग पिशवीतून घरी, पिशवीतून दुकानात, आणि कुणीतरी चार नट दिले ते ठेवायला समोर रिकामा डबा दिसला. मधे तिसऱ्या दिवशी गाडी घरी आणून त्यानं स्वतः लावली होती. स्वतः. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. किल्ली काढली होती आणि उतरून दवाखान्याकडे धावला होता.

अडीच वर्षं हा डबा त्याच्या कोपराशी होता. रोज तो त्यात हात घालत होता.

वेल्डर काय बोलत होता ते त्याला ऐकू येईना. त्यानं डबा बाकावर उपडा ठेवला, नुसता पोचा बघायला म्हणून, आणि वरून तळव्यानं हळूच दाबला. तेव्हा त्याला आपला स्वतःचा हात दिसला. बोटं वाटीसारखी. तळवा खाली. हळूहळू खाली दाबणारा.

"अरे, काय झालं तुला?" वेल्डर म्हणाला. "मिस्त्री?"

दादाच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणात नळी आभाळाकडे तोंड करून उभी होती. वाचा गेलेला माणूस रोज संध्याकाळी सांगत होता. ढग आले की दुपारी सांगत होता. पाऊस नळीत पडताना बघत होता आणि सांगत होता. बायकोला नाही कळलं, ती टोपी आणायची. मुलीला नाही कळलं, तिनं चित्रं काढली. पण हा? स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनाच्या पोटातलं ऐकणारा, आपणच वाढवलेला, आपणच शिकवलेला भाऊ रोज स्टूल घेऊन दीड हातावर बसतो आणि त्यालाही कळत नाही! त्याच्याकडे बघायचं तरी कशाला?

मग जे झालं ते थांबा मिस्त्रीनं चाळीस वर्षांत केलं नव्हतं. बोल्ट बाकावरच राहिले. तो अंगणाकडे निघाला आणि जाता जाता त्यानं वेल्डरच्या दारातला घण उचलला. वेल्डर मागून "अरे थांब, थांब" करत धावत होता. उलटी दुनिया. तिसऱ्या पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवला आणि घण घातला. एक. दोन. तो पिस्टनला मारत नव्हता हे वेल्डरला दिसत होतं, पण घणाला त्याचं काय? तिसऱ्या घावाला 'टिंग' असा आवाज आला. बारीक, गोड. काचेच्या ग्लासाला चमचा लागावा तसा.

ज्यानं असला आवाज एकदा ऐकलाय त्याला वाकून बघावं लागत नाही. तरी तो वाकला. लायनर उभा फाटला होता आणि तडा खाली ब्लॉकपर्यंत गेला होता. असा ब्लॉक आता जगात कुठे मिळत नव्हता.

तो गाडीखाली सरकला. पिस्टनच्या खालच्या कडेला, रिंगांच्या पलीकडे, ऑइलचा एक थेंब लोंबत होता. घणानं आलेला नव्हे. त्याच्या रेघा आधीच खालपर्यंत सुकलेल्या होत्या. तेल पार उतरलं होतं. पिस्टन सुटत आला होता. अजून दोन दिवस. फार तर तीन. भंगारवाल्याला 'थांबा' म्हटलं असतं तर तो थांबला असता.

 वेल्डर घण उचलून घरी गेला.

शनिवारी उजाडायच्या सुमारास थांबानं हेड परत बसवलं. एकेक नट क्रमानं, जणू गाडी उद्या नांगराला जुंपायची होती. नळी उभी केली. बॉनेट पुसलं. मग डबा घेऊन घरात गेला. वहिनी सामान बांधत होती.

"वहिनी, डबा माझ्याकडे होता."

तिनं डब्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. तिला काही बोलायचं होतं, बोलायचा हक्कही होता. पण ती म्हणाली, "चहा टाकते."

"नको. तो हात... वहिनी, दादा टोपी मागत नव्हता."

त्यानं हात वर करून दाखवला. डबा हातात होता, त्यामुळे सांगावं लागलं नाही.  अडीच वर्षं फेकलेल्या सगळ्या टोप्या तिला एकदम आठवल्या असाव्यात, कारण ती भिंतीला टेकून खालीच बसली.

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. थांबा स्टुलावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "दादा, डबा मी नेला होता. त्या दिवशी पाणी आणायला. परत घालायचं राहिलं. तू सांगत होतास, मला कळलं नाही." आणि मग, "काल घाई केली मी. ब्लॉक फुटला."

भिंत.

तो बाहेर आला. बॉनेटवर एक पाय ठेवून चढला, डबा नळीवर उपडा घातला, वरून तळव्यानं दाबला. खाली उतरून बॉनेटवर दोन थापा मारल्या. आणि वळून बघितलं तर खिडकीत दादाचा चेहरा होता.

दादा त्याच्याकडे बघत होता. अडीच वर्षांनी. त्यात राग नव्हता. राग असता तर थांबानं तो सोसला असता. परगावच्या अनोळखी स्टँडवर, शेवटची एसटी निघून गेल्यावर, मागे उरलेल्या माणसाकडे बघावं तसं तो बघत होता. हात पांघरुणावर पडलेला होता. हलला नाही.

भंगारवाला आला, त्याच्या माणसांनी साखळ्या लावल्या. गाडी फळीवरून वर चढताना डबा खडखडला.

"मिस्त्री," भंगारवाला म्हणाला, "हा डबा ठेवायचाय तुम्हाला, की जाऊ द्यायचा?"

ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक प्रश्नाला एकच शब्द दिला होता, त्याला त्या वेळी तो एक शब्दही सापडला नाही. भंगारवाल्यानं क्षणभर वाट बघितली आणि फळी उचलली. डबा नळीवरच गेला.

रविवारी दादा आणि वहिनी शहरात गेले. निघताना थांबानं दादाला उचलून गाडीत बसवलं, तेव्हा दादाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. त्यानं तोंड फिरवलं नाही. फिरवायला आता काही कारण राहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी पुतणीचा फोन आला. आवाज कसा खुशीत.

"काका, इथलं हवापाणी मानवलं हं बाबांना! अगदी शहाण्यासारखे वागतात. तो हात वर करायचं पूर्ण थांबलंय. एकदासुद्धा नाही. आणि तुला गंमत सांगू? काल आईनं टोपी घातली ना, तर काही न करता तशीच ठेवून बसले. रात्रभर!"

मिस्त्रीच्या समोर बाकावर नट, बोल्ट आणि वायसर शुक्रवारी पसरले होते तसेच पसरलेले होते. त्यानं ते कशात भरले नव्हते.

"काका? ऐकतोयस ना?"

"हो," तो म्हणाला. "बरं झालं."